बत्तिसावा सेकंद

“जे वहीत नाही, ते झालंच नाही,” असं पिवळेमास्तर तिला कामाच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, एका चौकाच्या कोपऱ्यावर, उघड्या लोखंडी पेटीसमोर उकिडवे बसून.

पेटी म्हणजे सिग्नलचं डोकं. लोकांना खांबावरचे दिवे दिसतात. कुणी थांबायचं आणि कुणी जायचं हे पेटीत ठरतं. प्रत्येक पेटीच्या दाराला आतून एक प्लॅस्टिकची पिशवी सुतळीनं टांगलेली असे. पिशवीत चाळीस पानी वही आणि शिसपेन्सिल. शाई ओलाव्यानं पसरते, म्हणून पेन्सिल. सेकंद वाढवला, सेकंद कमी केला, बल्ब गेला, उंदरानं वायर कुरतडली, जे असेल ते तारीख घालून लिहायचं आणि खाली सही. कार्यालयात संगणक होता, त्यातही हे सगळं भरलं जाई. पण ते भरणारी माणसं चौकात येत नसत, आणि चौकात न येणाऱ्या माणसांवर मास्तरांचा विश्वास नव्हता.

पिवळे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते पिवळ्या दिव्याबद्दल इतकं बोलत की खात्यानं त्यांचं नावच तसं पाडलं. लाल आणि हिरवा कुणीही लावेल, ते म्हणत, माणूस मरतो किंवा वाचतो तो पिवळ्यात. तीन सेकंद. तेवढ्यात माणसाला आपण कोण आहोत हे ठरवावं लागतं. असलं काही बोलून झालं की ते ओशाळत आणि पाना मागत.

घरी त्यांची बायको, जिला ती काकू म्हणायची, सांगायची की ह्यांच्याशी भांडायचं असेल तर आधी पिवळा द्यावा लागतो, एकदम लाल केलेला चालत नाही. झोपेतही मोजतात, म्हणायची. एकदा रात्री त्रेचाळीसवर थांबले, मी चव्वेचाळीस म्हटलं, तर रागावून कूस बदलली.

मोजणं हा त्यांचा धंदा होता आणि व्यसनही. शहरातल्या एकसष्ट चौकांचे आकडे त्यांच्या अंगात भिनले होते. चौकात डोळे मिटून उभे राहत आणि हातातल्या स्क्रूड्रायव्हरनं मांडीवर हळूच ठोका देत. ठोका पडला की दिवा बदललेला असे. हे पाहायला सुरुवातीला तिला गंमत वाटली. मग एकदा ती त्यांच्या स्कूटरवर मागे बसली आणि गंमत संपली. मास्तर रस्त्यावर दिवा बघतच नव्हते. आधीच्या वळणावरून समोरची वाहनं सुटताना दिसली की तिथून मोजायला लागत, आणि मोजत मोजत चौकातून निघून जात, नजर कुठंतरी पुढं, जणू स्वतःच्या घरातल्या अंधारातून पाणी प्यायला उठलेला माणूस.

“मास्तर, दिवा बघा की,” ती मागून म्हणाली होती.

“कशाला? मीच लावलाय.”

तीन वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती. कंत्राटावर लागली तेव्हा तेहतीस वर्षांची होती. घरी आई आणि शाळेत जाणारी मुलगी. नवरा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संसारात. खांबावर चढणारी बाई म्हणून पहिले सहा महिने लोक खाली थांबून बघत. मास्तरांनी एकदाही “जमेल ना?” असं विचारलं नाही. शिडीच्या गाडीचा पाळणा वर नेताना ते फक्त म्हणत, खाली बघू नकोस, वायर बघ. यंदा तिला कायम करण्याची फाईल मोठ्या साहेबांच्या टेबलापर्यंत पोचली होती. अट एकच होती: कामाच्या नोंदपत्रकावर हलगर्जीचा शेरा नको.

काकूंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली म्हणून मास्तरांनी सहा दिवस रजा घेतली. इतकी सलग रजा त्यांनी आयुष्यात घेतली नव्हती. त्यातल्या चौथ्या दिवशी कार्यालयातून हुकूम आला: रुग्णालयाजवळच्या चौकात पायी चालणाऱ्यांना वेळ पुरत नाही, गाड्यांचा हिरवा बत्तीसवरून सव्वीसवर आणा. ती गेली, पेटी उघडली, आकडा बदलला, तीन फेऱ्या घड्याळ लावून तपासल्या. काम चोख झालं. वही काढली तर पेन्सिलीचं टोक मोडलेलं. पर्समध्ये टोकयंत्र शोधत होती तेवढ्यात फोन आला की पुलापलीकडचा चौक पूर्ण अंधारात आहे, गाड्या एकमेकांत घुसल्या आहेत. तिनं वही पिशवीत कोंबली, पेटी बंद केली. उद्या लिहू, असं मनात म्हटलं. उद्या दुसरंच काही निघालं. परवा ती विसरली.

रजेवरून आल्यावर मास्तरांनी नेहमीप्रमाणे पहिल्या सकाळी मोठ्या चौकांच्या वह्या वाचल्या. प्रत्येक वहीत शेवटच्या नोंदीखाली त्यांनी “पाहिले, बदल नाही” किंवा “पाहिले” असं लिहून सही केली. मग स्कूटरवर बसून ते पुन्हा मोजू लागले.

दोन दिवसांनी ते रुग्णालयाच्या चौकातून बत्तिसाव्या सेकंदाला गेले. त्यांच्या हिशेबानं तो हिरव्याचा शेवटचा थेंब होता. प्रत्यक्षात लाल लागून तीन सेकंद झाले होते, आणि खांबावरच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला.

समन्स आलं ते त्यांनी तिला भांडारात दाखवलं, जुन्या काचांच्या खोक्यांमध्ये उभं राहून. भांडारवाला आधीच वाचून बसला होता. सिग्नलवाल्यानंच सिग्नल तोडला, तो म्हणाला, आता डॉक्टरला पथ्य सांगायला माणूस ठेवायला हवा. मास्तर हसले. मग भांडारवाला चहा सांगायला बाहेर गेला.

फोटोत स्कूटरचा मागचा भाग होता, क्रमांक स्वच्छ, हेल्मेट सरळ. वरती लाल दिवा. आणि डाव्या कोपऱ्यात, पांढऱ्या पट्ट्यांवर, एक म्हातारा. त्याचा एक पाय फुटपाथवर होता आणि एक रस्त्यावर. त्याच्यासाठी हिरवा लागून एक सेकंद झाला होता. स्कूटर त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेली असावी, कारण त्याचा कोट एका बाजूला उडालेला दिसत होता.

“तिथं आता हिरवा किती?” मास्तरांनी विचारलं.

“सव्वीस.”

“बत्तीस होता.”

“हो.”

त्यांनी कागदाची घडी घातली. ती वाट बघत राहिली. आता ते विचारतील, कधी केला, कुणी केला, कुठं लिहिलंस. खोक्यावरची धूळ त्यांनी बोटानं पुसली, बोट पँटीला पुसलं आणि पाळण्याच्या दुरुस्तीचं बोलू लागले. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून तिला प्रत्येक चौकात दिव्याआधी स्वतःच्या छातीचा ठोका ऐकू येऊ लागला.

दंड भरून प्रकरण मिटवता आलं असतं, पण भरणं म्हणजे कबूल करणं. आणि खात्याचा नियम असा की ज्याच्या नावावर सिग्नल तोडल्याचा गुन्हा लागला, त्याला शिडीची गाडी चालवता येणार नाही. मास्तरांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. ते चौदा महिने भांडारात बसून काचा मोजायच्या, एवढाच त्याचा अर्थ होता. काकूंचा भाऊ वकील होता. त्यानं सगळं ऐकून टेबलावर हात आपटला, म्हणाला, भावोजी, तुम्ही दंड भरायचा नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं: आकडा बदलला, वहीत नोंद नाही, ज्या माणसाचं कामच आकडे लक्षात ठेवण्याचं त्याची खात्यानंच फसगत केली. वही कोर्टात मागवू. नोंद नसलेलं पान न्यायाधीशांना दाखवू. मास्तर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. काकूंनी त्यांच्या वतीनं हो म्हटलं.

नोंद कुणाची राहिली हे वकिलाला माहीत नव्हतं. त्याला त्याची गरजही नव्हती.

कार्यालयानं वही कोर्टात नेऊन हजर करण्याचं काम साहजिकच तिच्यावर सोपवलं. त्या चौकाची पेटी तिच्याकडे होती.

आदल्या संध्याकाळी तिनं पेटीतून वही काढली आणि तिथंच, गाड्यांच्या धुरात, ते पान उघडलं. जुनी नोंद, मार्चमधली, बल्ब बदलल्याची. खाली मास्तरांचं “पाहिले, बदल नाही” आणि सही. पण दोन्हींच्या मध्ये एक ओळ कोरी होती. मास्तर कधी ओळ कोरी सोडत नसत. सुटलीच तर आडवी रेघ मारत. या वेळी पान तिथं ओलाव्यानं फुगलं होतं, पेन्सिल चालली नसती, म्हणून ते खाली सरकले होते. आता पान वाळलं होतं. तिथं एक नोंद आरामात बसली असती. तारीख, “हिरवा ३२ वरून २६”, तिची सही. पेन्सिलीचं वय कुणाला कळतं? एवढ्या अर्ध्या वीत जागेत तिची आई, मुलगी, कायम होण्याची फाईल, सगळं मावलं असतं. मात्र त्या नोंदीखाली मास्तरांची सही तशीच राहिली असती: पाहिले, बदल नाही. म्हणजे मास्तरांनी वाचून न वाचल्यासारखं केलं. म्हातारा झाला, डोकं चालत नाही, असं लोक म्हणाले असते. त्यांनी काय उत्तर दिलं असतं? वहीत असलेलं झालेलंच असतं, हे त्यांनीच तर शिकवलं होतं.

तिनं वही पर्समध्ये ठेवली. पेन्सिलीला घरी जाऊन टोक केलं आणि तीही ठेवली.

कोर्टाच्या बाहेरचा पॅसेज अरुंद होता, भिंतीला दोन्हीकडून लाकडी बाकं. बाकांवर बसलेल्यांचे गुडघे मधून जाणाऱ्यांना लागत. बहुतेक सगळे किरकोळ गुन्ह्यांचे: कुणी उलट्या दिशेनं गेलेला, कुणाचा एक दिवा बंद, कुणाचा कागद घरी राहिलेला. खरं तर कुणालाच कुणाबद्दल उत्सुकता नव्हती, तरी सगळे एकमेकांना आपली बाजू सांगत होते. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. शर्टाच्या खिशाला सवयीनं टेस्टर लावलेला होता; दारावरच्या शिपायानं तो काढून घेतला तेव्हा त्यांनी दोनदा खिसा चाचपला.

वकील मेहुणे तिला समजावून गेले. बाई, तुम्ही फक्त पान दाखवायचं आणि सांगायचं, नोंद नाही. कुणी करायला हवी होती ते न्यायाधीशांनी विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर गप्प. पुढचं कार्यालय बघेल. तिनं मान हलवली. मास्तर समोरच्या भिंतीवरच्या उडालेल्या रंगाकडे बघत होते.

मग ते काकूंसाठी पाणी आणायला गेले. तिनं वही मांडीवर घेतली, पान उघडलं, पेन्सिल काढली. टोक कागदाला लावलं.

“काय लिहितेस गं?” शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं. त्यांच्या एका डोळ्यावर हिरवट पट्टी होती, त्यावर काळा चष्मा. त्यांना नीट दिसत असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“काही नाही, काकू.”

कागदावर एक ठिपका राहिला.

काकूंना बोलायचंच होतं. समन्स आल्यापासून हे जेवतात पण जेवण कुठं जातं कळत नाही, त्या म्हणाल्या. तो फोटो उशीखाली ठेवतात. मी म्हटलं, स्वतःचीच पाठ किती वेळ बघायची? तर म्हणाले, माझी पाठ नाही बघत, त्याचा पाय बघतो. कुणाचा, तर त्या म्हाताऱ्याचा. तीन दिवस संध्याकाळी जाऊन त्या चौकात उभे राहिले. म्हटलं, भेटला तर काय सांगणार आहात? तर म्हणाले, काही नाही, दोन्ही पाय आहेत ना ते बघतो. भेटला नाही तो. आता रस्त्यात दिवा दिसला की स्कूटर बंदच करतात. परवा हिरवा लागला तरी उभे. मागचे भोंगे वाजवतायत, ह्यांची मान वर, आभाळात चंद्र बघावा तशी. मला रिक्षा करून घरी यावं लागलं.

मास्तर पाणी घेऊन आले. त्यांची नजर तिच्या मांडीवरच्या उघड्या पानावर गेली, पेन्सिलीवर गेली, आणि क्षणभर तिथंच राहिली. तिला वाटलं, कळलं यांना. ते वाकले. “वही पेटीवाल्या माणसासाठी असते,” ते हळू म्हणाले. “रस्त्यावरच्या माणसासाठी दिवा लावलेला असतो. मी त्या दिवशी रस्त्यावर होतो.”

ती काही म्हणेपर्यंत शिपायानं पुकारा केला.

खोली शाळेच्या वर्गाएवढी. न्यायाधीशबाई वयानं लहान, सर्दी झालेली. समोर फाइलींचा गठ्ठा आणि हातात रुमाल. मास्तर कठड्यात उभे राहिले. वकील मेहुणे उठले, घसा खाकरला आणि वहीबद्दल बोलायला लागले: खातं, नोंद, तीस वर्षांची सेवा, एकही तक्रार नाही. साक्षीदार वहीसह हजर आहे. न्यायाधीशबाईंनी हातानं त्यांना थांबवलं आणि मास्तरांना विचारलं, गुन्हा कबूल आहे की नाही, एवढंच आधी सांगा.

“मॅडम, मी दिवा बघितलाच नाही,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे दिसला नाही?”

“दिसला असता. चांगला ताटाएवढा दिवा आहे, मीच बसवलाय. बघितला नाही.”

“का?”

“बघत नाही मी. अकरा वर्षं झाली.”

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. अकरा वर्षं तुम्ही न बघता चौक ओलांडताय, त्यांनी विचारलं, मग करत काय होतात?

“मोजत होतो.”

वकील मेहुण्यांनी डोळे मिटले. भावोजी, ते पुटपुटले, अहो भावोजी. मग पुन्हा उठून वहीकडे वळू लागले, पण न्यायाधीशबाईंनी लिहायला घेतलं होतं. आरोपी स्वतःच म्हणतो की दिवा पाहिला नाही, तर आकडा कोणता होता याला अर्थ उरत नाही, त्या म्हणाल्या. साक्षीची गरज नाही.

तिच्या मांडीवरची वही एकदम हलकी झाली. गरज नाही. आता घरी जायचं, वही पिशवीत घालायची, पिशवी पेटीत टांगायची, महिन्याभरात साहेब फाईलवर सही करतील. हे सगळं मास्तरांनी तिला देऊन टाकलं होतं, आणि देताना तिच्याकडे बघितलंही नव्हतं; पाठमोरेच उभे होते, फोटोतल्यासारखे. शर्ट पाठीवर घामानं चिकटला होता. तिला वाटलं, ही पाठ आता आपल्याला रोज भांडाराच्या दारातून दिसणार. चौदा महिने. आपण शिडीच्या गाडीची किल्ली न्यायला जाऊ, ते काचा मोजत असतील, आणि “वायर बघ” असं म्हणतील.

आपण उभे आहोत हे तिला उभं राहिल्यावर कळलं.

“मॅडम, आकडा मी बदलला होता. वहीत लिहायचं माझ्याकडून राहिलं.”

वकील मेहुणे वळून बघत राहिले. काकूंनी काळा चष्मा काढला. न्यायाधीशबाईंनी लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं, थकलेल्या माणसाला आणखी एक काम दिसल्यासारखं.

“त्यानं यांचा लाल हिरवा होत नाही.”

“नाही होत.”

“तुमच्या कार्यालयाला हे कळेल, माहीत आहे ना? मी लिहिलं की कागद तिकडे जातो.”

“हो.”

“मग सांगताय कशाला?”

तिनं खूप वेळ विचार केला असं तिला वाटलं; खरं तर दोन-तीन सेकंदच गेले असतील. “ते माझ्या भरवशावर मोजत होते,” ती म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी रुमाल नाकाला लावला. मग लेखनिकाला तिचं नाव आणि हुद्दा विचारून घ्यायला सांगितलं. मास्तरांना किमान दंड झाला. नोंदीतली चूक खात्याची होती असं एक वाक्य निकालात घातलं गेलं. गुन्हा मात्र त्यांच्या नावावर लागला. पुढच्या माणसाचा पुकारा झाला. तो एका दिव्यावर गाडी चालवणारा होता, आणि कठड्याकडे येता येताच आपली बाजू मांडू लागला.

मास्तर कठड्यातून खाली उतरले. पायरी एकच होती, पण ती त्यांनी खाली बघून, पाय नीट टेकवून उतरली. लेखनिक तिला हुद्दा विचारत होता, ती सांगत होती आणि त्यांच्याकडे बघत होती. तिला वाटलं, ते येऊन रागावतील; सगळं वाया घालवलंस म्हणतील; किंवा निदान मान हलवतील. ते तिच्यासमोर येऊन थांबले. नवा दिवा पहिल्यांदा पेटवल्यावर ते त्याच्याकडे जसं बघत, पेटला का हे नव्हे, टिकतो का हे बघत, तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं, पुरता वेळ घेऊन, मनात काही न मोजता. मग काकूंच्या कोपराला धरून त्यांना उठवलं आणि दाराकडे चालू लागले. दारात गर्दी होती. ते थांबले, आत येणाऱ्या माणसाला जाऊ दिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि बाहेर पडले.